उचल

गरीब तो आळशी, असे फराळाचे ताट पुढ्यात घेऊन म्हणणे सोपे आहे. बीडकडचा ऊसतोडकरी पाहा. याच दिवसांत कोरडवाहू रान मागे टाकून, ट्रॅक्टरवर संसार चढवून तो कारखान्याकडे निघतो; मुकादमाकडून घेतलेली उचल घरीच संपलेली. नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’! आजारपणात दिवस मोडला, तर खाडा म्हणून वर दंड. पोरे फडावर, आम्हां मास्तरांच्या हजेरीपटात नुसती नावे. हंगामाअखेर उचल फिटली नाही, की पुढला हंगामही विकला गेलाच. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. पण उचल तो आपखुशीने घेतो, असे मुकादम सांगतो. खुशी कसली? पाऊस दगा देतो, बँक दारात उभी करीत नाही, आणि मुलीचे लग्न थांबत नाही.