दैव पाचवे

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ईश्वरी शिक्षा होय असे गांधींनी म्हटले, आणि भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, असा त्याचा जाहीर प्रतिवाद रवींद्रनाथांनी केला. कार्यकारणभावाचा न्याय रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. परंतु संकटाचा जाब अखेर माणसाला द्यावा लागतो, हा आग्रह गांधींच्या त्या चुकीच्या विधानातही होता, आणि आपल्या आपत्तिनिवारणाच्या व्यवस्थेने मात्र ना रवींद्रनाथांचे विज्ञान घेतले, ना गांधींची जबाबदारी.

गीतेच्या अठराव्या अध्यायात आधार, कर्ता, साधने आणि नानाविध प्रयत्न यांची गणना झाल्यावर मगच दैवाला कर्मसिद्धीच्या कारणांत पाचवे स्थान मिळाले आहे. आमच्या सरकारी दफ्तरात ते पहिल्या ओळीवर बसते. १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत असताना दुष्काळसंहिता कपाटात तयार होती. पण दुष्काळ जाहीर केला की मदतीचे कलम अंगावर येते, म्हणून तो जाहीरच झाला नाही, आणि पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने बळींचा अंदाज सुमारे पंधरा लाख दिला. तो परकीय अंमल होता, असे म्हणून सुटता येत नाही. स्वराज्यात २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, प्राधिकरणे स्थापन झाली. आणि एप्रिल २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात उत्तराखंडाच्या प्राधिकरणाची स्थापनेपासून एकही बैठक झाली नसल्याची नोंद होती. जूनमध्ये केदारनाथची वस्ती पुरात वाहून गेली. (लेखापरीक्षकांना ज्योतिषी ठरवण्याचे कारण नाही, त्यांनी केवळ बैठकांची वही मागितली होती.)

या बेफिकिरीचे मूळ आळसात किंवा लाचलुचपतीत शोधणे सोपे आहे, पण मला ते आमच्या पुण्यकल्पनेत दिसते. आपद्ग्रस्ताला धान्य देणारा दाता ठरतो, त्याला याचक समोर दिसतो, कृतज्ञता मिळते, मंत्र्याला हार मिळतो. परंतु जे संकट टळले त्याचा साक्षीदार कोणीच नसतो, आणि ज्या कर्माला घेणारा नाही त्याचे पुण्य कोणाच्या खाती मांडावे, हे आमच्या धर्मबुद्धीला अद्याप उमगलेले नाही. तलाठी पंचनामा करतो तो पडलेल्या भिंतीचा.

किल्लारीच्या भिंती पाहा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गाव झोपले असता, भूकंपात हजारो माणसे गाडली गेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. भिंतीच्या दोन अंगांना सांधणारे आरपारचे दगडच तेथे नव्हते, आणि आदल्या वर्षीच जमिनीने धक्के देऊन सूचना केली होती. पुढे पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक नेमण्यात आले, आणि उभ्या घरांच्या मजबुतीकरणात अनुदानाचा हप्ता व सिमेंटचा हिशेब घरधन्याकडेच राहिला. त्या घरांना दाता असा कोणी लाभला नाही.