टिंबांची ओळ

चहा ठेवला असेल तर गॅस बारीक करा. आज घाई नाही.

घरात शोधलंत तर एखाद्या लहानशा वाङ्मयीन मासिकाचा अंक सापडेल. मासिक म्हणायचं ते सवयीनं. दर महिन्याला ते निघत नाही. कागदाचे पैसे जमले, चार कविता हाती आल्या, कुण्या चित्रकार दोस्तानं मुखपृष्ठ आणून दिलं, की निघतं. अनियतकालिक. तो अंक मांडीवर घ्या, पण उघडू नका. तळहात नुसता मुखपृष्ठावर ठेवून बसा.

मधोमध दोन पिना लागतील. जुना अंक असेल तर त्या गंजल्या असतील आणि गंजाचा तांबूस डाग शेजारच्या पानावर उतरला असेल. आता एक पान दोन बोटांत धरा आणि मागच्या बाजूनं अंगठा फिरवा. खिळ्यांच्या छपाईचं पान असेल तर अक्षरं अंगठ्याला लागतात. ऑफसेट आल्यावर हे गेलं. त्याचं मला फारसं दुःख नाही. साठ वॅटच्या दिव्याखाली खिळे जुळवणाऱ्यांचे डोळे कसे जात, ते मी जवळून पाहिलंय. पण अंगठ्याला ती अक्षरं अजून आठवतात, हेही खरं.

अशा अंकांची गोष्ट सांगताना माणसं मुंबईपासून सुरुवात करतात, आणि ते चूक नाही. 1954 साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. 1963 मध्ये अशोक शहाण्यांचं ‘असो’ आलं. मग ही लागण गावोगाव पसरली. मोठ्या मासिकाकडून कविता साभार परत आली, की पोरं आपलंच मासिक काढायची. रागातून निघालेली गोष्ट प्रेमानं चालवावी लागते, हे त्यांना दुसऱ्या अंकाच्या बिलाशी कळायचं.

मी अमरावतीला अशा एका अंकाची प्रुफं पाहत असे. संपादक अकोल्याचे, प्रेस इथली, लिहिणारे दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, धारणी असे विखुरलेले. अंकाचं नाव सांगत नाही. तो बंद पडून बरीच वर्षं झाली आणि त्याच्या जागी तुमच्या मांडीवरचा अंकही चालेल.

आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी जमायचो. खाली सतरंजी, मध्ये परातीत कच्चा चिवडा, कांदा वेगळा. कुणी कविता वाचायचा, कुणी वहीत रेघा ओढत बसायचा. कविता लिहिणारा हात चित्रंही काढतो, याचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं. वसंत आबाजी डहाके कवी आणि रेखाटनकार, दोन्ही आहेत, आणि विठ्ठल वाघही कुंचला धरतात. शेवटच्या गाडीची वेळ झाली की अकोल्याची मंडळी उठायची. बडनेरा, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव. त्या स्टेशनांची नावं आजही मी जपमाळेसारखी म्हणू शकते. तुम्ही म्हणून पाहा. प्रत्येक नावाला एक श्वास.

आता अंक उघडा. कुठलंही पान. कविता असेल तर ओठ हलतील एवढ्या आवाजात वाचा. एखादा शब्द असा येईल की तुमचं मन आपोआप पेन्सिल उचलेल. अरे, हा शब्द असा नाही, तसा आहे. तिथं थांबा. शब्दाकडे नको, पेन्सिलीकडे पाहा.

माझी पेन्सिल फार टोकदार होती. दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलाची कविता आली होती. कापूस वेचणाऱ्या आईवर. खारपाणपट्ट्यातला मुलगा, तिथं विहिरीचं पाणी मचूळ लागतं, पाहुण्याला पेला देताना बाई हलकेच हसते, ते सगळं कवितेत होतं. आणि कवितेत चार ठिकाणी ‘मले’ होतं. मी चारही ठिकाणी ‘मला’ केलं. ‘डोया’चा ‘डोळा’ केला. ‘चालून राह्यली’चं ‘चालते आहे’ केलं. लाल पेन्सिलीनं, स्वच्छ, समासात खुणा करून. कंपोझिटरनं इमानदारीनं बदललं. अंक निघाला.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. ‘ताई, कविता साजरी दिसून राह्यली. पण माही नाही वाटत.’

त्या पोस्टकार्डापाशी थोडं बसू या. रागाचा शब्द नाही, तक्रार नाही. ‘साजरी’ म्हणजे आमच्याकडे सुंदर. तो म्हणतो, सुंदर झाली, आणि लगेच म्हणतो, माझी राहिली नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वाचल्यावर मला आधी हसू आलं, मग लाज. लाजेला शरीरात जागा असते. माझी कानाच्या पाळीत आहे. तुमची कुठं आहे, शोधा. घालवू नका, नुसती जागा ओळखून ठेवा.

हे व्याकरण तसं साधं आहे. ‘ला’चा ‘ले’ होतो, ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ती शाया, जवळ ते जवय. नियमानं होतं, म्हणजे त्यात चूक कसली? विठ्ठल वाघांच्या संग्रहाचं नाव ‘काया मातीत मातीत’. पुण्याच्या वाचकाला वाटावं, काया म्हणजे देह, काहीतरी अध्यात्म असणार. अकोल्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं की काया म्हणजे काळी, तिफन चालते ती. आणि एकदा दोन्ही अर्थ कानात शिरले की देह आणि माती वेगळे काढता येत नाहीत. ‘काळ्या’ केलं असतं तर हे सगळं पुसलं गेलं असतं, तेही शुद्धलेखनाच्या नावानं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची. मनातल्या मनात त्यातल्या कौतिकच्या तोंडी शाळेतली मराठी घालून पाहा. एक वाक्य पुरे. ती बाई उठून निघून जाईल.

इथं मला रिद्धपूर आठवतं. अमरावतीहून मोर्शीकडे, फार लांब नाही. तेराव्या शतकात, 1278 च्या सुमारास, म्हाइंभटांनी तिथं चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या. त्यांच्या कामाची पद्धत पाहा. स्वामींच्या सहवासात जो जो होता, त्याच्याकडे जायचं. काय पाहिलंस, काय ऐकलंस, ते विचारायचं. मग पंथप्रमुख नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळायचं. महानुभाव परंपरा असंही सांगते की मूळ पोथी पुढं धामधुमीत हरवली आणि ज्यांना पाठ होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा जुळवली गेली. हिराइसा नावाच्या बाईंची आठवण त्यात मोठी. एकाच लीळेचे वेगळे पाठ वेगळ्या आठवणींतून आले, आणि ते वेगळे म्हणूनच नोंदले गेले. तुझं असं, तिचं तसं, दोन्ही राहू देत. वऱ्हाडातला पहिला संपादक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी म्हाइंभटांचंच नाव सांगेन. आमच्या सतरंजीवर बसणाऱ्या कुणालाही हे पटायचं नाही. त्यांना स्वतःला पहिलं म्हणवून घ्यायचं होतं. असो.

रिद्धपूरला गेलात तर एकदा डोळे मिटून तिथल्या बायका बोलतात ते ऐका. नुसतं ऐका. शब्दांचा अर्थ लावायचा नाही, शब्द कुठं उचलतात आणि कुठं टेकतात, तेवढंच.

पुढचं पान.

आमच्या अंकात एक पान असायचं ज्याच्यावरून दर वेळी भांडण व्हायचं. उर्दूचं. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. बाळापूर, अकोला इथं मुशायऱ्याला आजही माणसं रात्र जागवतात. सुरेश भट अमरावतीत जन्मले, 1932 साली, आणि मराठी गझल घरोघरी गेली ती त्यांच्यामुळे. तर गझल मराठीत आली, मग उर्दू गझल मराठी अंकात का नको, असं संपादकांचं म्हणणं. छापायची कशी, हा प्रश्न होता. प्रेसमध्ये उर्दू टाइप नव्हता. शेवटी अचलपूरचे एक मास्तर बोरूनं नस्तालिकमध्ये लिहून देत, त्याचा ब्लॉक करून घेत असू, आणि समोरच्या पानावर तीच गझल देवनागरीत.

आता ती दोन पानं समोर आहेत असं धरा. डावं पान डावीकडून सुरू होतं, उजवं उजवीकडून. दोन्ही ओळी मधल्या घडीकडे चालत येतात. डोळे आधी एकीवरून न्या, मग दुसरीवरून. उर्दू येत नसेल तरी चालेल. न येणाऱ्या लिपीकडे दोन मिनिटं पाहत राहणं ही चांगली बैठक आहे. आधी मन चिडतं, मग कंटाळतं, आणि मग एक वळण दिसतं, एखाद्या अक्षराच्या पोटातला नुक्ता दिसतो. मास्तरांचा हात कुठं थांबला, पुन्हा शाई कुठं घेतली, ते दिसतं. मी त्या ब्लॉकचं प्रुफ पाहूच शकत नव्हते. संबंध अंकात तेवढं एक पान मला पेन्सिल बाजूला ठेवून पाहावं लागायचं. कदाचित म्हणूनच ते अजून डोळ्यांपुढे आहे.

धारणीहून एकदा कोरकू गाणी आली. एका शिक्षकानं उतरवून घेतलेली, खाली मराठी अर्थ. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. तिच्यात एकवचन, अनेकवचन आणि मध्ये द्विवचनही आहे. आपल्या मराठीनं संस्कृतातलं द्विवचन कधीच टाकून दिलं. एका गाण्यात दोघं रानात चाललेली होती आणि मराठीत ती नुसती ‘ती’ झाली होती. दोन की दहा, कळेना. शिक्षकानं तळटीप दिली होती: ‘दोघंच.’ त्या वेळी मी ती टीप खोडली नाही, तेवढं शहाणपण पोस्टकार्डानं आलं होतं.

श्वास थोडा लांब घ्या. ‘दोघंच’ हा शब्द मनात ठेवा. ज्या भाषेत दोघांसाठी वेगळं रूप आहे, तिथं दोघं असणं गर्दीत मोडत नाही. आता तुमच्या आयुष्यातले दोघं आठवा. तुम्ही आणि आणखी एक कुणी. नाव घ्यायची गरज नाही.

त्या अंकाच्या मुखपृष्ठावर मुंडा होता. मेळघाटात कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागवानी फळी कोरतात, तीच मुंडा. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. झाडाखाली अशा फळ्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, ऊन-पाऊस खात. आमच्या चित्रकारानं तिथं बसून शिसपेन्सिलीनं रेखाटन केलं. छापताना घोड्याचा एक पाय गेला. ब्लॉकवाला म्हणाला, लाकडावर पण गेला होता बाप्पा, तुमच्या चित्रकारानं घातला. खरंच तसं होतं. घोडा तीन पायांचा छापला, आणि कुणाचंही पत्र आलं नाही.

साहित्य संमेलनं आमच्या मुलखात मोठी झाली: अकोल्याला 1912 आणि 1981, अमरावतीला 1989. विदर्भ साहित्य संघ 1923 मध्ये इथंच, अमरावतीत जन्मला आणि पुढं नागपूरला राहायला गेला, वऱ्हाडातली शिकलेली पोरं जातात तसाच. मांडव उठल्यावर मागे काय राहतं, ते पाहायला मी एकदा मुद्दाम दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले होते. सुतळी होती, पत्रावळी होत्या.

लहान अंकाचा मुक्काम मात्र दोन अंकांच्या मधल्या काळात असतो. जुन्या, 1898 च्या पोस्ट कायद्यात वर्तमानपत्राच्या सवलतीसाठी अट होती: दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर नको. आमच्यात कधी चार महिने असत, कधी अकरा. म्हणून अंक बुकपोस्टानं जायचा, आणि बुकपोस्टाच्या पाकिटाचं तोंड चिकटवायचं नसे. पोस्टाला आत पाहता यायला हवं असे. शे-दीडशे पाकिटं अशी उघड्या तोंडानं टेबलावर पडलेली असायची. पत्ते मी लिहायचे. काही नावांपुढे ‘वर्गणी बाकी’ लिहिलेलं, तरी अंक जायचा. काही नावांवर काट मारावी लागे, ती माणसं गेली म्हणून. ती काट मारायला मी शेवटपर्यंत शिकले नाही. पाकीट करायचे आणि बाजूला ठेवायचे.

अकरा महिन्यांच्या त्या अंतरात काय चालतं? काहीच नाही. दर्यापूरचा मुलगा कापूस विकतो. मास्तर शाळेत जातात. चित्रकार दुकानांच्या पाट्या रंगवतो. कुणीतरी अर्धी कविता खिशात घेऊन फिरतो. थोडा वेळ त्या काहीच-नाहीत बसा. मन अंक केव्हा निघणार म्हणून विचारेल. विचारू द्या, उत्तर देऊ नका.

पोस्टकार्डानंतर दीड वर्षानं त्या मुलाची दुसरी कविता आली. मला वाटलं नव्हतं तो पाठवेल. प्रुफ बाकावर पसरलं, आणि सवयीचा हात, सांगते ते खरं, पहिल्याच ओळीतल्या ‘तुले’वर आडवी रेघ ओढून मोकळा झाला. मी पेन्सिल खाली ठेवली. प्रेसमधलं ट्रेडल चालू होतं, त्याचा ठेका तेवढा कानात.

प्रुफात एक खूण असते, जुन्या माणसांना माहीत आहे. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्या खाली टिंबांची ओळ काढायची. म्हणजे: होता तसाच राहू द्या. रबरानं पुसायचं नाही. रेघ वर राहते, टिंबं खाली, आणि मध्ये शब्द.

तुमच्या मांडीवरच्या अंकात तो शब्द अजून समोर असेल, ज्याच्यापाशी तुमची पेन्सिल उचलली गेली होती. मी ‘तुले’ खाली टिंबं काढली. एक, दोन, तीन, चार. थोडा वेळ प्रुफ तसंच धरून बसले. गॅसवरचा चहा बघा, उतू जाईल.