भूक सापाची, हिंसा कोणाची?

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाबरला की अंगाचा गोळा करतो आणि डोकं त्या गोळ्यात दडवतो. बॅगेच्या तळाशी दडवून आणलेला हा जीव ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या फ्लॅटमधल्या काचेच्या पेटीत पोचला, की पुष्कळदा अन्नाला तोंडच लावत नाही. पुढ्यात उंदीर धरला तर जीभ लपलपवतो, अंदाज घेतो आणि मान वळवतो. आठवडा जातो, पंधरवडा जातो. घरात काळजी सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ एक फार जुना प्रश्नही पेटीपाशी येऊन उभा राहतो.

न खाण्यामागे बहुधा हट्टही नसतो आणि आजारही नसतो. सापाला नवी जागा ओळखायला वेळ लागतो. निदान पहिला आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढायचं नाही. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. उबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सियसच्या आसपास असावी लागते, कारण सापाचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. अंगात पुरेशी ऊब नसेल तर गिळलेलं भक्ष्य पोटातच कुजतं. डोळे निळसर धुरकट दिसू लागले असतील तर तो कात टाकण्याच्या बेतात आहे, त्या दिवसांत तो सहसा खातच नाही.

भक्ष्य जेमतेम त्याच्या अंगाच्या जाडीएवढं असावं. या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता कळते. म्हणून गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात आणि त्याचं अंग उबदार झालं की रात्री, दिवा मालवून, लांब चिमट्याने पुढे धरतात. नाही घेतला, तर काढून घ्यायचा आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करायचा. धडधाकट मोठा बॉल पायथन काही महिनेही उपाशी राहू शकतो. वजन टिकून असेल तर धीर धरावा, घसरू लागलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. जबरदस्तीने तोंडात कोंबणं हा घरी करून पाहण्याचा उपाय नव्हे. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपी जाणं तर त्याहून वाईट, कारण साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो.

इथवरचा भाग शास्त्राचा झाला. पण ज्या घरात अंडंही शिजत नाही, त्या घरच्या फ्रीजरमध्ये उंदीर ठेवावा लागतो, तेव्हा प्रश्न धर्माचा होतो. एका जिवाची भूक भागवायला दुसऱ्याचा जीव घ्यायचा. हे पाप सापाचं, की पाळणाऱ्याचं?

आपल्याकडे या पेचातून सुटायची एक वाट पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सापाला दूध पाजायचं. श्रावणात, विशेषतः नागपंचमीच्या सुमारास, देवळांबाहेर आणि सोसायट्यांच्या दारात गारुडी टोपली उघडून बसत, आणि आजही कुठे कुठे दिसतात. बायाबापड्या श्रद्धेने वाटी पुढे करतात. टोपलीतल्या नागाचे दात बहुधा उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, आणि कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंबही मिळालेला नसतो. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो. दूध पचवण्याची त्याच्या पोटाची घडणच नाही. ते फुप्फुसात उतरलं तर तो न्युमोनियाने मरतो. दूध पाजणाऱ्या बाईच्या मनात हिंसा नसते हे खरं. पण तिला हवा असतो तो आपल्यासारखा सात्त्विक नाग. टोपलीतल्या खऱ्या नागाचं पोट तिच्या विचारात कुठेच येत नाही.

जैन परंपरेतली चंडकौशिकाची कथा या प्रश्नाला अगदी जवळून भिडते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ती आपल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात सांगितली आहे. चंडकौशिक हा महाविषारी सर्प महावीरांना डसतो. त्यांच्या शांतीने त्याला पूर्वजन्म आठवतात आणि आता कुणालाही इजा करायची नाही म्हणून तो तोंड बिळात घालून अन्न सोडतो. येणारेजाणारे त्याला देव मानून अंगाला तूप चोपडतात. तुपाच्या वासाने मुंग्या येतात आणि त्याला पोखरून काढतात. तो निश्चल राहून सारं सोसतो. या कथेत सापाचा उपास ही साधना आहे, कारण तो त्याने स्वतः पत्करला आहे. आणि भाविकांचं तूप? ते भक्तीनेच दिलेलं होतं, तरी मुंग्यांना वाट त्यानेच दाखवली. काचेच्या पेटीतल्या सापाने कुठलंही व्रत घेतलेलं नाही. त्याच्या उपाशीपणाला तप म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महाभारताच्या वनपर्वातल्या शिबी राजाच्या कथेत पेच उलट बाजूने येतो. राजाने कबुतराला अभय दिल्यावर त्याच्या मागे लागलेला ससाणा विचारतो, याला वाचवलंस, मग माझ्या भुकेचं काय? शिबी त्याला दाणे टिपायला सांगत नाही. शिकाऱ्याची भूक तो खरी मानतो आणि तिची किंमत स्वतःच्या मांसाने चुकवतो. त्याच वनपर्वात मिथिलेचा मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला समजावतो की नांगर धरणाऱ्याच्या हातूनही असंख्य जीव मरतात, हिंसेपासून पूर्ण सुटलेला माणूस सापडणं कठीण. या बोलण्यातून हिंसेला मोकळीक मिळत नाही. आपल्या वाट्याची हिंसा ओळखावी आणि ती कमी करत जावं, एवढंच त्यातून घेण्यासारखं आहे.

मग पाळलेल्या सापाच्या उंदराचा हिशेब कुणाच्या नावावर? येऊरच्या जंगलात किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी धामण उंदीर धरते, तेव्हा तिथे पापपुण्याचा प्रश्नच नसतो. तिला निवड नाही. जैन विचारात केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली, अशी तिन्ही प्रकारची हिंसा कर्त्याला चिकटते. या कसोटीवर उंदीर विकत घेणारा हात सुटत नाही. साप निष्पाप आहे, पेटीचं दार लावणारा माणूस नाही. हौस माणसाची आहे, म्हणून त्या हौसेपायी मरणारे उंदीरही त्याच्याच नावावर आहेत.

ही हौस पुरवणारी साखळी उंदरापाशी संपत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. त्यानंतर डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटमधून वनखात्याने ओरांगउटानच्या पिलासह साप, इग्वाना आणि कासवं ताब्यात घेतली. अशा प्रवासात किती पिल्लं गुदमरत असतील, हेही त्याच खात्यात धरायला हवं. नाग, धामण, अजगर हे आपले देशी साप तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळताच येत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी प्रजातींसाठी २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली आहे.

ज्याच्या घरी असा साप आधीच आहे, त्याने नोंदणी करावी आणि किळस बाजूला ठेवून त्याला उंदीर द्यावा. उंदीरही कमीत कमी वेदनेने मारलेला असावा. त्या मरणाची जबाबदारी आपली आहे हे मान्य करूनच तो पुढे धरावा. साप पनीर किंवा दुधावर जगेल ही आशा धरणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. आणि ज्याला उंदराचं मरण सोसवत नाही, त्याची ती करुणा खरी आहे. त्याने साप आणूच नये.

नागपंचमीची पूजा यात कुठेच अडत नाही. पाटावर चंदनाने नाग काढायचा, त्याला दूध-लाह्या वाहायच्या, त्या दिवशी चिरायचं नाही, खणायचं नाही, पातोळ्या नाहीतर दिंड करून घरच्यांनी मिळून खायचे. या सगळ्यात जिवंत नागाची गरज नाही. टोपली घेतलेला गारुडी दारात आलाच, तर वाटीभर दूध आणण्याऐवजी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, म्हणजे त्या नागावर उपचार होऊन तो पुन्हा रानात जाऊ शकेल.