रुपेरी ढाली आणि बुणगे

इसवी सनपूर्व 316च्या सुमारास, आजच्या इराणमधल्या गाबिएने प्रांतात, तीन हजार म्हाताऱ्या सैनिकांनी समोरचं पायदळ उधळून लावलं आणि लगेच आपलाच सेनापती शत्रूच्या हवाली केला. प्लुटार्कने याला सरळ विश्वासघात ठरवलं. मला तो निकाल पूर्ण पटत नाही, पण त्यांना निर्दोष म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आधी ही माणसं कोण, ते पाहू. मॅसिडोनियन पायदळाचं मुख्य हत्यार सारिसा, म्हणजे साधारण अठरा फुटी भाला. तो पेलायला दोन्ही हात लागत, म्हणून ढाल लहान आणि पट्ट्याने खांद्याला अडकवलेली. असा भालेकरी एकटा सापडला तर कुचकामी. शेजारचा जागेवर आहे तोवरच त्याला अर्थ. या व्यूहाच्या उजव्या अंगाला हिपास्पिस्ट, शब्दशः 'ढालवाहक'. अलेक्झांडरकडे ते सुमारे 3000 होते, हजार-हजारांच्या पथकांत, आणि त्यांतलं एक खास राजाचं. तटावर चढणं, रातोरात कूच करणं, घोडदळाला साथ देणं ही कामं त्यांची. त्यांच्या हातात सारिसा असे की आखूड भाला, यावर इतिहासकार अजून भांडतात. कामाप्रमाणे हत्यार बदलत असावं, असं आपलं माझं मत. हिंदुस्थानच्या मोहिमेच्या वेळी ढालींवर चांदी चढली, आणि पुढे 'रुपेरी ढाली' हेच त्यांचं नाव झालं. गाबिएनेला त्यांच्यातला धाकटाही साठीचा होता म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, पण फिलिपच्या हाताखाली लढलेले त्यांत नक्की होते.

सेनापती युमेनिस मात्र ग्रीक, अलेक्झांडरचा चिटणीस. मॅसिडोनियन सरदार आपलं ऐकणार नाहीत हे ओळखून त्याने एक तंबू उभारला, त्यात मेलेल्या अलेक्झांडरचं रिकामं सिंहासन मांडलं आणि सगळ्या मसलती त्याच्यासमोर घेतल्या. युक्ती चतुर होती. पण त्यामुळे सैनिकांची निष्ठा त्याच्यावर कधी बसलीच नाही, ती खुर्चीवर राहिली.

लढाईत खारट मैदानावर एवढी धूळ उडाली, की अँटिगोनसच्या घोडेस्वारांनी मागची छावणी कधी लुटली ते कुणाला कळलं नाही. युमेनिसला पुन्हा लढायचं होतं. रुपेरी ढालींनी अँटिगोनसकडे माणसं पाठवली: आमचं सामान परत दे. उत्तर आलं: युमेनिस द्या.

'सामानासाठी सेनापती विकला' हे वाक्य ऐकायला फार सोपं आहे. ग्रीकमधला शब्द 'अपोस्केवे'. त्यात गाठोडी येतात, तशी बायकामुलंही येतात. मराठीत आपल्याकडे 'बुणगे' आहे. पानिपतावर त्याचं ओझं काय असतं ते आपण जाणतो. या माणसांचं दुसरं घरच नव्हतं. गाव सोडून दोन दशकं उलटली होती, आणि जे काही कमावलं ते त्या गाड्यांत होतं. युमेनिसने ते पणाला लावलं आणि राखलं नाही. अशा वेळी ते लढायला नकार देते, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. (ऑफिसात 'आपण सगळे एक कुटुंब' ऐकलं, की खरं कुटुंब कुठल्या गाडीत बसलंय हा प्रश्न मला पडतोच.)

पण नकार देणं आणि बांधून देणं यांत फरक आहे. नकारात आपण स्वतःची सेवा काढून घेतो, ती आपलीच असते. युमेनिसचा जीव त्यांचा नव्हता, तरी त्यांनी तो किंमत म्हणून मोजला. मुलं परत हवीत, ही गरज कितीही खरी असली तरी तिसऱ्याच माणसावर मालकी त्यातून येत नाही. मला दोष दिसतो तो एवढाच, आणि तो लहान नाही.

मग अँटिगोनसचं काय? किंमत त्यानेच सांगितली होती. युमेनिसला त्याने आधी उपाशी ठेवलं, मग मारलं. रुपेरी ढालींचा नायक अँटिजेनिस याला खड्ड्यात घालून जिवंत जाळलं. इतरांतले बरेचसे त्याने अराकोसियाच्या, म्हणजे आजच्या कंदाहारकडच्या क्षत्रपाकडे पाठवले. सोबत गुप्त आज्ञा होती: यांना थोडेथोडे करून अशा कामांवर धाडावं, जिथून कुणी परतत नाही.