कडूपणा आणि मीठ

जिव्हेला नीती नसते, अशी आमची आजवर समजूत होती. गूळ गोड लागतो. तो कोणाच्या घामाचा, हे ती विचारीत नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात लंडन शहरी घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगाने ह्या समजुतीस धक्का बसला. तो प्रसंग वाचकांपुढे ठेवून त्यातून उद्भवणाऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा मुळीच विचार नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे स्थायिक झाला आहे. एके सायंकाळी तो व त्याची पत्नी आम्हांस पूर्व लंडनमधील बो ह्या भागात घेऊन गेले. तेथील एका लहानशा पानगृहाचा मालक आपल्या हाताने थोडथोडी बिअर तयार करतो. त्या दिवशीचा विशेष म्हणजे समुद्राचे मीठ घालून केलेली ‘इंडिया पेल एल’. शिष्याने पेला पुढे केला आणि आम्ही काहीशा संकोचाने एक घोट घेतला. प्रथम संत्र्याच्या सालीसारखा वास आला. मग आता कडूपणा येणार म्हणून जीभ सावध झाली. पण तो जेमतेम आला न आला, तोच त्याच्या जागी जवाची मंद गोडी उमटली आणि मागाहून ओठांवर किंचित खारटपणा राहिला. पेय रुचकर होते, हे कबूल केलेच पाहिजे.

मालकाने मोठ्या उत्साहाने त्याची कथा सांगितली. हिंदुस्थानच्या उन्हात तहानलेल्या इंग्रज शिपायांसाठी हे पेय येथेच, बो येथे, मुद्दाम शोधून काढले गेले. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांत ते मुरले. त्या सागराची आठवण म्हणून आपण त्यात मीठ घातले!

कथा गोड आहे. तिला इतिहासाचा आधार मात्र थोडा. बो येथे हॉजसन ह्यांची भट्टी होती व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढत असे, एवढे खरे. परंतु हॉप नावाच्या वेलीची कडू फुले अधिक घातली म्हणजे बिअर लवकर नासत नाही, हे इंग्रज पूर्वीपासून जाणत होते. भट्टी कंपनीच्या जहाजांना जवळ पडे, कप्तान आपला खासगी व्यापार करीत आणि हॉजसन त्यांस लांब मुदतीची उधारी देत. खरी कारणे ही. ती पिणारेही मुख्यतः अधिकारी व व्यापारी. शिपायांच्या वाट्यास बहुधा काळी पोर्टर येई. ‘इंडिया’ हे नाव तर १८३० नंतरच्या दशकात रूढ झाले. त्या नावातला इंडिया हा देश नव्हे, ते गिऱ्हाईक होय.

आणि मीठ! ज्या देशाचे नाव त्या पेयाला दिले होते, त्या देशातल्या गरिबास कर दिल्यावाचून समुद्रकाठचे मीठ उचलण्याचीही सत्ता नव्हती. १९३० साली गांधीजींनी दांडीस मूठभर मीठ उचलले, त्याच वर्षी आमच्या कोकणात शिरोड्यास सत्याग्रही तुरुंगात गेले, आणि १९४७ साली तो कर एकदाचा उठला. हे सारे आठवताच दुसरा घोट घशाशी अडखळला. कडू गोष्ट रुचकर करून सांगणे हा अपराध आहे काय, हा प्रश्न मनात उभा राहिला तो तेथे.

मिठाचा धर्म येथे पाहण्याजोगा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसून आले की, मिठाने जिभेस कडूपणा कमी जाणवतो आणि त्याखाली दडलेली गोडी वर येते. कडू द्रव्य पेल्यात होते तेवढेच राहते. जिभेस त्याची वर्दी पोचत नाही, इतकेच. मालकाच्या कथेनेही नेमके हेच केले होते. आपला हा सिद्धान्त आम्ही तेथेच मोठ्या ऐटीने शिष्यास ऐकविला.

त्याची पत्नी बंगालची. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या नव्या मराठीत विचारले, “सर, आमच्याकडे मुलाला झोपवताना बर्गी आले असे सांगतात. तुमच्या पुस्तकात त्यांना काय म्हणतात?”

आम्ही निरुत्तर झालो. बर्गी म्हणजे आमचेच बारगीर. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. गावे लुटली, जाळली. त्यांच्या भयाने कलकत्त्यास खंदक खणला गेला. अखेर १७५१ साली अलीवर्दीखानाने ओरिसा सोडला व सालीना बारा लक्षांची चौथाई कबूल केली. बालपणी हे सारे आम्ही ‘पूर्वेकडील विस्तार’ ह्या दोन शब्दांत शिकलो. ते दोन शब्द हे आमचे मीठ! इंग्रजाच्या पेल्यात ते आम्हांस तत्काळ कळले; स्वतःच्या ताटात पन्नास वर्षे कळले नाही.

“विस्तार म्हणतो, मुली,” आम्ही म्हणालो, “लूट म्हणावयास हवे होते.”

मग कटू इतिहास असलेल्या वस्तूंचा आस्वादच घेऊ नये काय? तसे म्हटले तर साखर, चहा, कापूस, काहीच उरावयाचे नाही. आम्हांस वाटते, ह्याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. कारले चिरून त्यास मीठ चोळतात व घटकाभर ठेवून पिळतात. तेथे मीठ जिभेस फसवीत नाही. ते कडूपणा ओढून बाहेर काढते आणि हिरवट पाण्याच्या रूपाने वाटीत डोळ्यांपुढे ठेवते. तरीही थोडा कडूपणा फोडीत राहतोच आणि तो आपण जाणून खातो. इतिहासास मीठ लावावयाचेच तर ते असे लावावे. कथा रुचकर असण्यास आमची हरकत नाही. शेजारी ती वाटी मात्र असली पाहिजे.

पेला आम्ही संपविला. त्यानंतर त्या मुलीने बंगालच्या त्या नऊ वर्षांविषयी आपल्या आजीकडून ऐकलेले पुष्कळ सांगितले, आणि आम्ही ते मध्ये न बोलता ऐकून घेतले.