होल्यांचा जोडा

शास्त्रपाठ : लूक २:२२-२४, लेवीय १२:६-८, २ करिंथ ८:१-१२



नाताळचा सण जवळ आला कीं आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारचे उद्गार कानीं पडतात. एक म्हणतो, "आम्हां गरिबांपाशीं द्यावयास काय आहे? ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं द्यावें." दुसरा म्हणतो, "सण वर्षांतून एकदांच येतो. कर्ज काढूं, पण चार लोकांत मान खालीं घालणार नाहीं." पहिला हात आंखडतो, दुसरा नको तितका सैल सोडतो. वरवर पाहतां हे दोघे एकमेकांच्या उलट दिसतात. परंतु दोघांचीही दृष्टि एकाच ठिकाणीं खिळलेली आहे, म्हणजे आपल्यापाशीं जें नाहीं त्यावर. जें आहे त्याकडे पाहावयास दोघांसही फुरसत नाहीं.

या दोघांस उत्तर नाताळच्या कथेंतच आहे. मेंढपाळ, देवदूत व गव्हाण यांजविषयीं आपण दरवर्षीं ऐकतों. परंतु त्याच अध्यायाच्या चोविसाव्या वचनापाशीं फारसे थांबत नाहीं. बाळ येशूला घेऊन मरीया व योसेफ यरुशलेमेस मंदिरांत गेलीं. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाचें अर्पण करावयाचें होतें. त्यासाठीं लूक कोंकराचें नांवही काढीत नाहीं. होल्यांचा जोडा किंवा पारव्यांचीं दोन पिलें, एवढेंच तो सांगतो. आतां लेवीयाचा बारावा अध्याय उघडून पाहा. तेथें मूळ आज्ञा एक वर्षाचें कोंकरूं व त्यासोबत एक पांखरूं आणण्याची आहे. दोन पांखरें ही सवलत आहे, आणि ती जिची कोंकरूं आणण्याची ऐपत नाहीं अशा बाईसाठीं आहे. म्हणजे जगाच्या तारणाऱ्याच्या घरचें हें अर्पण गरिबाच्या दरानें दिलें गेलें.

या नियमांत देवानें दोन गोष्टी साधल्या. त्यानें गरिबाला अर्पणांतून वगळलें नाहीं, आणि कोंकरासाठीं त्याला सावकाराच्या दारींही धाडलें नाहीं. पांचव्या अध्यायांत पापार्पणाच्या बाबतींत तर तो आणखी खालीं उतरतो : ज्याला दोन पांखरेंही आणवत नाहींत त्यानें एफाचा दहावा भाग सपीठ आणावें. कोंकरूं, पांखरूं, पीठ. पायरी उतरत जाते, पण वेदीची वाट कोणासही बंद होत नाहीं.

पुढें प्रेषित पौलानें करिंथच्या मंडळीस हीच गोष्ट शिकविली. मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत दरिद्री होत्या. तरी यरुशलेमेच्या गरजवंतांसाठीं आमचेंही दान घ्या, अशी त्यांनींच विनवणी केली. देव दानाचें माप देणाऱ्यापाशीं जें आहे त्यावरून घेतो, नसलेल्याचा हिशेब तो मागत नाहीं, असा पौलाच्या सांगण्याचा भावार्थ आहे.

आतां आपल्या मालवणच्या किनाऱ्याकडे पाहूं. रापण कशी ओढतात हें तुम्हांस ठाऊक आहे. होडी जाळें घेऊन समुद्रांत अर्धवर्तुळ घालते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि माणसें दोन रांगा करून ते ओढूं लागतात. जाळें वाळूवर आलें कीं वांटे पडतात. दोराला हात लावणारा सहसा रिकाम्या टोपलीनें घरीं जात नाहीं. त्याची होडी नसेल, जाळें नसेल. त्याच्यापाशीं हात होते, ते त्यानें दिले. यांत्रिक नौका व पर्ससीन जाळीं यांमुळें आमची मासळी घटली, अशी रापणकरांची तक्रार आहे. वांटा लहान झाला, तरी वांटणीची रीत त्यांनीं सोडली नाहीं.

परंतु ख्रिस्ताची वांटणी या रीतीहूनही एक पाऊल पुढें जाते. रापणींत ओढणाऱ्याला वांटा मिळतो. मग जी म्हातारी आजारानें वाळूपर्यंत येऊं शकत नाहीं, तिचें काय? जिचा धनी दर्यांत गेला व पदरीं तान्हें मूल आहे, तिचें काय? बंधूंनो, आपल्या तारणाचा दोर आपणांपैकीं कोणीं ओढला होता? आपण कांहींच ओढलें नसतां देवानें आपला पुत्र आपणांस दिला. नाताळ तो याच दानाचा. म्हणून ज्याच्या घरीं टोपली आली त्यानें न ओढणाऱ्याचाही वांटा तींतून काढावा.

हें कसें करावें, याविषयीं आम्ही चार गोष्टी सुचवितों.

पहिली, कर्ज काढून सण करूं नये, दानही करूं नये. कर्जाच्या पैशाचें दान दिसावयास मोठें असतें; पण तें फेडतां फेडतां आपल्याच लेंकरांची पेज पातळ होते.

दुसरी, दान थोडें थोडें करून आधींपासून बाजूला ठेवावें. आजच्या मिझोराममधील ख्रिस्ती भगिनींनीं १९१० सालीं स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ तांदूळ देवासाठीं काढून ठेवण्याची चाल सुरू केली. ती अद्याप चालू आहे, आणि त्या मुठींवर तेथें सुवार्तेचें मोठें कार्य उभें राहिलें आहे. आपल्याकडे भातकापणी होऊन नवें भात घरांत येतें तोंच नाताळ येतो. त्यापूर्वीं चार आठवडे रोज एक मूठ काढली तर अठ्ठावीस मुठी होतात. एकट्या विधवेच्या कांहीं दिवसांच्या पेजेची त्यांत सोय होईल.

तिसरी, घेणाऱ्याची लाज राखावी. बवाजानें रूथेच्या हातांत धान्य कोंबून उपकार मिरविला नाहीं; तिच्या वाटेंत मुद्दाम कणसें टाकण्यास त्यानें गड्यांस सांगितलें, म्हणजे ती आपल्या हातांनीं वेंचील. उपदेशक बंधूंनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. कोणीं किती दिलें याची यादी उपासनेंत वाचूं नये, आणि घेणाऱ्यांस सर्वांपुढें ओळीनें उभें करूं नये. दिवेलागणीस शेजाऱ्यासारखें जावें, दोन शब्द बोलावे, आणि पिशवी ठेवून यावें.

चौथी, आपण केवळ घेणारे राहूं नये. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनानें इस्पितळ चालविलें, तेथें डॉ. गोहीन यांनीं अनेक वर्षें रुग्णसेवा केली. त्या कामास समुद्रापलीकडील मंडळ्यांनीं हातभार लावला. ज्यांनीं दिलें त्यांनीं आपलीं तोंडेंही पाहिलीं नव्हतीं. आतां आपली पाळी आहे. ज्यापाशीं पैसा नाहीं त्यानें आजाऱ्याच्या उशाशीं एक रात्र जागावें, म्हातारीच्या घराचीं कौलें चाळून द्यावीं. शेजारी कोणत्या देवाला हात जोडतो हें त्या वेळीं विचारूं नये.

एक इशाराही दिला पाहिजे. ज्याला कोंकरूं आणवतें त्यानें होले आणून गरिबांच्या रांगेंत शिरूं नये. सवलत ज्याच्यासाठीं आहे त्यालाच ती शोभते.

आणि ज्याच्यापाशीं खरोखरच होल्यांच्या जोड्याहून अधिक कांहीं नाहीं, त्यानें खिन्न होऊं नये. त्या दिवशीं मंदिरांत कित्येकांनीं धष्टपुष्ट कोंकरें आणलीं असतील. मरीया व योसेफ यांच्यापाशीं कोंकरूं नव्हतें. परंतु देवाचा कोंकरा त्यांच्याच हातांत होता. तोच प्रभु या नाताळांत तुमच्या झोंपडींत येवो, आणि तुमची लहानशी मूठ उघडण्याचें बळ तुम्हांस देवो. आमेन.