बंधुता आणि मैत्री



इंग्रजी शिकणारी आपली मुले कधी कधी विचारतात, 'फ्रॅटर्निटी' आणि 'फ्रेंडशिप' यांत फरक काय? दोन्ही शब्द जिव्हाळ्याचेच. पण मुळाशी गेले की वाटा वेगळ्या होतात. 'फ्रॅटर्निटी' हा भाऊ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झाला. 'फ्रेंड'च्या मुळाशी प्रेम करणे या अर्थाचा जुना इंग्रजी धातू आहे. भाऊ जन्माने मिळतो. मित्र वागणुकीने होतो.

घटना समितीच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात ती उद्देशिकेत घातली. तरीही १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये तेच बाबासाहेब सांगतात की, 'फ्रॅटर्निटी' हा शब्द अपुरा आहे. तथागतांचा 'मैत्री' हाच योग्य शब्द होय.

अपुरा का? आम्हांस त्याचे उत्तर आपल्या गावातच दिसते. भावकी कोणाला ठाऊक नाही? ती लग्नाला एकत्र जेवते आणि बांधावरून कोर्टात भांडते. जात ही तर मोठी भावकीच! आपल्यापुरती बंधुता प्रत्येक जातीत भरपूर आहे. कुंपणापलीकडे मात्र ती जात नाही. शिवाय भावाच्या नात्यात बहीण कोठे बसते, हाही प्रश्न उरतोच.

मैत्री जन्म विचारीत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा मनुष्यमात्रासाठी आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, असा भेद सांगितला आहे.

आता आपल्या घरात पाहू. दीक्षा घेतली, देव्हारा काढला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. पण मुलीला स्थळ आले की त्याच तसबिरीखाली बसून आपण विचारतो, 'सोमवंशी की लाडवण? बावणे की कोसरे?' मातंगाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की आपली म्हातारी माणसे म्हणतात, 'तहान नाही.' प्रस्तुत लेखकाच्या घरीही हे घडले आहे. म्हणून हे बोलणे परक्याला उद्देशून नाही.

कोणी म्हणेल, 'गावाने वाळीत टाकले तेव्हा आपलीच माणसे धावून आली ना?' खरे आहे. ते उपकार विसरू नयेत. बंधुता टाकून द्यायची नाही. ती पहिली पायरी आहे. पण पहिल्याच पायरीवर बसून राहिलो, तर जुनी जात नवे नाव घेऊन घरात येईल आणि मुलांना धर्मांतराचा अर्थ काय सांगावा, हे आपल्याला कळणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी स्थळ आले, तर मुलाचे शील विचारा, शिक्षण विचारा, मुलीची पसंती विचारा. पोटजात विचारू नका. आणि मातंगाच्या घरचा पेला पुढे आला, तर तो दोन्ही हातांनी घ्या. मुले पाहत असतात. त्या दोन शब्दांतला फरक त्यांना तेथेच समजेल.